चारशे सदुसष्ट नंबरचा पेढा

हिऱ्या,

तुझं शेवटचं कार्ड सात आठवडे माझ्या दुकानात लोखंडी वजनाखाली पडून होतं. रोज पहाटेच्या एस.टी.तून पेपर आले की गठ्ठा त्याच्यावर बसायचा, दुपारपर्यंत गठ्ठा संपायचा आणि कार्ड पुन्हा डोकं वर काढायचं. रोज मी ते वाचायचो. त्यामुळे विसरलो होतो, ही सबबसुद्धा माझ्याकडे नाही.

‘प्रिय चारशे सदुसष्ट,’ ही तुझी नेहमीची सुरुवात, आणि खाली तुझ्या त्या सरळसोट अक्षरातल्या सहा ओळी. तारा नावाची तुझी जुनी विद्यार्थिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेज टाकून बेलपाड्याला घरी येऊन बसली आहे. परीक्षेचा फॉर्म कोरा आहे. ‘मी बोलून पाहिलं. पण मी आयुष्यात काही लांबणीवर टाकलेलं नाही, त्यामुळे माझं बोलणं तिला उपदेशासारखं लागतं. हा तुझा विषय आहे. एका रविवारी ये.’

पनवेलहून बेलपाडा म्हणजे एस.टी. आणि वर थोडी पायपीट. शाळेत असताना तू हे अंतर रोज दोन वेळा चालायचास, तेही अनवाणी. मला सात रविवारांत ते जमलं नाही. पहिल्या रविवारी पेपर जाड होता. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारपासून मी कारण शोधणंही सोडलं, कारण आता इतक्या उशिरा काय तोंड घेऊन जायचं, हेच एक पुरून उरणारं कारण सापडलं होतं.

आणि मग तुमच्या गावचा एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, हिराजी मास्तर सकाळी वारले, तीन दिवस ताप होता. ते ऐकून मी लगेच उठलो, असं मला लिहायचंय. पण उठलो नाही. तासभर तिथेच बसून राहिलो. समोरून एस.टी. गेली ती मी पाहिली. तुझ्या चितेपाशीसुद्धा मी उशिरा पोचलो, हिऱ्या. लोक परत निघाले होते.

शाळेतल्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल छान बोलले. वक्तशीर, कर्तव्यदक्ष वगैरे. मला त्यातलं काही सांगायचं नाही. तू कर्तव्यदक्ष होतास, पण त्याहून जास्त खडूस होतास. एक मुलगा रडत तुझ्याकडे आला तर तू त्याला म्हणाला होतास, ‘रडून झालं की वही काढ.’ लोकांची दुखरी जागा तुला दिसायची नाही, आणि दिसली तर तू थेट तिच्यावरच बोट ठेवायचास. असा माणूस माझा मित्र कसा झाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. नंबराची गोष्ट मात्र सांगता येईल. ती आपल्या दोघांनाच पुरती ठाऊक होती, आणि आता मला एकट्यालाच आहे.

इंटरचं वर्ष. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि गावागावातून पहिलीवहिली पोरं कॉलेजात जात होती. मी गिरगावात मामाकडे, तू माझगावला गोदीत काम करणाऱ्या गाववाल्यांच्या खोलीत. तू आठ जणांत दाटीवाटीने बसून अभ्यास करायचास. मला स्वतंत्र टेबल होतं, खिडकी होती, आणि भिंतीवर लाल-निळ्या पेन्सिलीने आखलेलं वेळापत्रक होतं. ते पाहून तू म्हणालास, ‘वेळापत्रक पहिल्या वर्गात पास आहे. तुझं काय?’

माझं असं होतं की परीक्षेचा फॉर्म आणून मी गादीखाली ठेवला होता. फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला तीन आठवड्यांत सापडली नाहीत. मनात एकच घोळत होतं, आधी थोडा अभ्यास होऊ दे, मग मानाने फॉर्म भरू. असा रिकाम्या डोक्याने कसा भरायचा? आणि अभ्यासाला बसलं की वाटायचं, अजून फॉर्मसुद्धा भरला नाही, तू कसला पास होणार. सकाळी उठवत नव्हतं. मामी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मी खोकायचो. आजारी आहे असं वाटलं तर बरं, असं तेव्हा मला खरंच वाटायचं. मुदत गेली त्या दिवशी मला गाढ झोप लागली. इतकी गाढ झोप महिन्यात लागली नव्हती. याची लाज पुढे किती वर्षं वाटत राहिली, ते तुला मी कधी सांगितलं नाही.

मग परीक्षा आली. माझा नंबर पलीकडच्या इमारतीत आलाय, असं मी तुला सांगितलं. तुझा जागेचा नंबर शोधायला तुझ्याबरोबर वर्गापर्यंत यायचो, तुला बाकावर बसवायचो आणि तीन तास बाहेरच्या पायऱ्यांवर बसायचो. तू बाहेर आलास की विचारायचास, ‘कसा गेला?’ मी म्हणायचो, ‘बरा.’ सगळ्या पेपरांना बरा. जागेचा नंबर चारशे सदुसष्ट. रोज शोधून शोधून तो माझा इतका पाठ झाला होता की तेवढं वर्षभरात दुसरं काही पाठ झालं नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीस निकाल आला. भाऊ, म्हणजे माझे वडील. सगळं पनवेल त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून मीही भाऊच म्हणायचो. त्यांची पेपरची एजन्सी. निकालाच्या दिवशी आमच्या पायरीसमोर ही गर्दी व्हायची. पेपरात नावं नसायची, नुसते नंबर. ज्यांना वाचता यायचं नाही ते चिठ्ठीवर पोराचा नंबर आणायचे आणि भाऊ डोळ्यांजवळ पेपर धरून, बोटाने ओळी चाळून सांगायचे. त्या दिवशी त्यांनी पहिला पेपर उलगडला आणि गठ्ठ्याच्या दोऱ्या सोडत असलेल्या मला विचारलं, ‘वसंता, तुझा रे?’

मी चारशे सदुसष्ट म्हणालो, हिऱ्या. मी ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. दुसरा नंबर मला ठाऊकच नव्हता. आणि चारशे सदुसष्ट पास होता, दुसऱ्या वर्गात.

भाऊंनी पेढे आणवले. आळीत वाटले, स्टँडवर कंडक्टरला दिले. आणि तेवढ्यात उन्हातून चालत तुझे वडील आले, जोमाकाका, हातात चिठ्ठी. ‘भाऊ, यो नंबर बगा जरा. माज्या हिराजीचा हाय.’

भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि हसले. ‘जोमा, अरे हा तर आमच्या वसंताचा नंबर. दोघं सदा बरोबर, पोराने घाईत मित्राचा लिहून दिला बघ. त्याचा कुठला?’

‘मना काय ठाव? त्यानं ह्यो दिला.’

‘मग विचारून ये.’

जोमाकाका थोडा वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिले. आयुष्यभर मिठागरात काम केलेला माणूस, अक्षरओळख नाही, पण आपलं पोर नापास झालं आणि दुसऱ्याचा नंबर देऊन आपल्याला फसवतंय, हे त्या चिठ्ठीत त्यांनी वाचलं. भाऊंनी पुढे केलेला पेढा त्यांनी खाल्ला नाही. चिठ्ठीत गुंडाळला आणि निघाले. मी त्यांची पाठ पाहत होतो. मी केलेला खोटेपणा त्या क्षणी तुझ्या नावावर चढला, आणि एक शब्द बोललो असतो तर उतरला असता. मी दोऱ्या सोडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तू आलास. भाऊंनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘होतं असं. ऑक्टोबरला बस.’ तू पेपर उचललास, नंबर पाहिलास, माझ्याकडे पाहिलंस. तुझे कान लाल झाले. आता हा बोलणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, सुटलो असंही वाटलं. पण तू भाऊंनी दिलेला पेढा खाल्लास, पाणी प्यायलास आणि मला बाहेर बोलावलंस. तळ्याच्या पाळीवर उभं राहून एवढंच म्हणालास, ‘आजचा दिवस नंबर तुझ्याकडे ठेव. उद्या आमच्या घरी आणून दे. माझ्या बापाच्या हातात.’

‘बघतो,’ मी म्हणालो.

‘बघू नको. ये.’

मी उद्या आलो नाही. तिसऱ्या दिवशी आलो. मधला तो एक दिवस, हिऱ्या, तू मला कधी बोलून दाखवला नाहीस. एक दिवस जास्त तुझा बाप तुझ्याशी बोलला नाही, तुझी आई जेवली नाही.

मी आलो तेव्हा तुम्ही घरी नव्हतात, मिठागरात होतात. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झोडपून गेला होता आणि काढायला आलेलं सगळं मीठ विरघळलं होतं. बांधावर दहा-बारा माणसं होती, पण कोणी डोक्याला हात लावून बसलं नव्हतं. कोणी किती गेलं ते बोलतही नव्हतं. सगळी गुमान गढूळ पाणी बाहेर काढत होती आणि जिथलं निघालं तिथला तळ पायांनी तुडवून घट्ट करत होती. मी बांधावर उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. नंबर हिराजीचा आहे, मी परीक्षेलाच बसलो नाही, फॉर्मच भरला नाही. सांगता सांगता हमसून रडायला लागलो.

जोमाकाकांनी आधी तुझ्याकडे पाहिलं. मग हात धुतले. तुझ्या डोक्यावर तो ओला हात ठेवला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘रडतोस कशाला? हिकरं पानी काय कमी हाय? उतर खाली. आदी पानी काड.’

मी पँट दुमडून उतरलो. संध्याकाळपर्यंत पाणी काढलं, तळ तुडवला, पायांची सालं निघाली. मध्येच मी जोमाकाकांना पुन्हा म्हणालो, माझं चुकलं हो, मी नालायक आहे. ते वैतागले. ‘तं आयकला मी एकदा. गेला त्ये गेला. त्याला श्या देत बसलो तं उद्याचा बी जाल.’

माफी म्हणजे कोणीतरी जवळ घेऊन डोळे पुसणं, अशी माझी समजूत होती. तुमच्याकडे ती अशी होती: ऐकून घेतलं, आणि कामाला लावलं.

घरी येऊन भाऊंना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग विचारलं, ‘फॉर्म कुठे आहे?’

‘मामाकडे. गादीखाली.’

‘अजून?’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद ठेवलं, पेढ्यांचा पुडा घेतला आणि बेलपाड्याला चालत गेले. जोमाकाकांना म्हणाले, ‘नंबर मी बरोबर वाचला, माणूस चुकीचा वाचला.’ त्या चुरगळलेल्या चिठ्ठीतला पेढा तोवर जोमाकाकांनी फळीवर जपून ठेवला होता. मुंग्यांनी निम्मा नेलेला. तो त्यांनी भाऊंसमोर तुझ्या तोंडात घातला, आणि तूही खाल्लास, मुंग्यांसकट.

इथवर गोष्ट गोड आहे. पण नंतरचं वर्ष मी स्वतःला फैलावर घेण्यात घालवलं. सकाळी उठलो की पहिली आठवण जोमाकाकांच्या पाठीची. पुस्तक उघडलं की वाटायचं, तुझी लायकी काय. पुन्हा फॉर्मची वेळ आली आणि पुन्हा तो गादीखाली जायला लागला. तेव्हा तू गिरगावात आलास, माझ्यासमोर बसलास आणि ते वाक्य बोललास, ज्याच्यावर आपण पुढे अकरा वर्षं भांडलो: ‘तू स्वतःला शिव्या देतोस आणि त्यालाच अभ्यास समजतोस.’

मी म्हणालो, ‘मग काय स्वतःला माफ करू? तसं करत गेलो तर माणूस कधी काही करणारच नाही.’

‘करून बघितलंस का कधी?’

‘बघू,’ मी म्हणालो, आणि तू इतका हसलास की मामीने आतून विचारलं काय झालं. मग तू घड्याळ काढून टेबलावर ठेवलंस. ‘अभ्यास करू नको. काही शपथ घेऊ नको. दहा मिनिटं फॉर्म भर.’ नऊ मिनिटं लागली. त्या परीक्षेत एका विषयात गेलो, ऑक्टोबरला सुटलो, पुढे अडखळत बी.ए. झालो. दर वेळी घड्याळ तुझं.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, टोचणी नसेल तर माणूस ढिला पडतो. तू म्हणायचास, टोचणीने माणूस जागा होतो, पण उठत नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चहा निवायचा, तुझी एस.टी. लागायची आणि भांडण पुढच्या वेळेवर जायचं. लांबणीवर टाकलेली तेवढी एकच गोष्ट आपल्या दोघांची मिळून होती.

दिवाळीत शेवटचे भेटलो तेव्हा मात्र मी तुझ्यावर खरंच चिडलो होतो. तुझ्या शाळेतला एक मुलगा दुकानात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तुम्हीच का ते चारशे सदुसष्ट?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे तू ती गोष्ट वर्गात सांगतोस! स्टँडवर मी तुला गाठलं. ‘माझी लाज गावभर वाटतोस का? धडा म्हणून मीच सापडलो का तुला?’ तू म्हणालास, ‘अरे, मी काय सांगतो ते तरी ऐक.’ तेवढ्यात गाडी सुटायला लागली. पायरीवरून ओरडलास, ‘रविवारी ये, सांगतो.’

‘बघू,’ मी म्हणालो. हा माझा तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द आहे. त्यानंतर चार दिवसांनी तुझं कार्ड आलं, पुन्हा त्याच नावाने. मला वाटलं, मुद्दाम डिवचतोय. म्हणून पहिला रविवार गेला. पुढचे सहा नुसतेच गेले.

तेराव्याला मी बेलपाड्याला होतो. या वेळी वेळेवर. जेवणं झाल्यावर जोमाकाकांनी तुझी कापडी पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. वह्या, पेन्सिली, तुझं घड्याळ. आणि एक मोठं पाकीट. पाकिटावर नाव नव्हतं, पेन्सिलीने आकडा होता. जोमाकाका त्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘मना वाचता येत नाय. पन ह्यो नंबर मना ठाव हाय. ह्ये तुजा.’

आत ताराचा कोरा फॉर्म होता.

म्हातारं माणूस, पोर जाऊन तेरा दिवस झालेले, आणि जगात त्याला ओळखता येणारा एकच आकडा त्याने माझ्या हातात दिला. खरं तर तो तुझा होता. परत करूनही तो माझ्याकडेच आला. मी तिथे रडलो, तेव्हा मात्र जोमाकाका काही बोलले नाहीत. तेही रडत होते.

तारा चार घरं सोडून राहते. एकोणीस-वीस वर्षांची, केस विंचरलेले नाहीत, पाटावर भिंतीला टेकून बसलेली. तिची आई दारातच म्हणाली, ‘कोनाची तरी नजर लागलीय. दोनदा दिष्ट काडली. झोपते नुस्ती.’ मी समोर बसलो. सगळी शहाणी वाक्यं मला माहीत होती आणि ती सगळी मला लोकांनी ऐकवून झाली होती. शेवटी खिशातून तुझं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

‘वाच. तुझ्याबद्दलच आहे. तारीख पण बघ.’

तिने वाचलं. मनाशी मोजलं. ‘तवा आलं हे? मग तुम्ही आला का नाहीत?’

‘रोज उद्या येणार होतो. मग इतका उशीर झाला की यायची लाज वाटायला लागली.’

ती पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघायला लागली. हळूहळू बोलली. सहामाहीत दोन विषय गेले होते. गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. सुट्टीत आली की बायका तिला बघायला यायच्या. त्यांना काय सांगायचं म्हणून ती येईनाशी झाली, आणि मग एक दिवस आली ती गेलीच नाही. ‘मी आळशी नाय हो,’ ती म्हणाली. ‘पुस्तक समोर घेतलं की छातीत धडधडतं. मग वाटतं, उद्या बरं वाटेल तेव्हा बसू. उद्या अजून वाईट वाटतं.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्या गादीखालच्या फॉर्मचा कोणाला तरी उपयोग होत होता.

मग ती म्हणाली, ‘म्हणजे तुम्हीच चारशे सदुसष्ट.’

मी मान खाली घातली. ‘हिराजीने वर्गात सांगितलं ना सगळं? फॉर्म, खोटा नंबर.’

‘ते पण सांगायचे. पण ते पटकन सांगून टाकायचे. सरांची गोष्ट पुढची असायची.’ ती आठवत आठवत तुझ्याच आवाजात बोलायला लागली. ‘एक माणूस दोन दिवस घाबरून घरात बसला. तिसऱ्या दिवशी भर उन्हात एवढं अंतर चालत आला. दहा-बारा माणसांसमोर म्हणाला, मी परीक्षेला बसलोच नाही. सर म्हणायचे, मी कधी चुकलो नाही, म्हणून एवढं धाडस मला कधी करावं लागलं नाही. मला ते जमलं असतं का, माहीत नाही.’

हे तू मला सांगणार होतास. गाडीच्या पायरीवरून ओरडून हेच सांगणार होतास, आणि मी बघू म्हणालो.

‘दर रविवारी सर मला म्हणायचे, तो येईल,’ तारा म्हणाली. ‘मी विचारलं, कधी? तर म्हणाले, तो उशिरा येतो. पण येतो.’

हिऱ्या, हे ऐकून मी काय करायला हवं होतं? नेहमीचा मी असतो तर घरी जाऊन महिनाभर स्वतःला खात बसलो असतो. मित्राने वाट पाहिली आणि मी गेलो नाही, याच्याइतकं सज्जड कारण काहीही न करायला कुठे मिळणार? ते मला समोर दिसत होतं, आयतं. पण त्याच वेळी हेही दिसलं की मी तसा बसलो तर या मुलीचं आणखी एक वर्ष जाईल. नेहमीची मुदत संपलेली होती. प्राचार्यांची सही आणली तर शनिवारपर्यंत फॉर्म घेणार होते. तो दिवस गुरुवार होता.

मी तुझं घड्याळ मधे ठेवलं. ‘अभ्यासाचं बोलू नकोस. दहा मिनिटं फॉर्म भर.’

नाव लिहिताना तिचा हात थांबला. ‘परत नापास झाले तर?’

‘तर मी पेपरात तुझा नंबर शोधीन, सापडणार नाही आणि तसं तुला सांगीन. माझ्या दुकानात असे पुष्कळ येतात. निकालाच्या दिवशी आता मी नंबर हळू आवाजात वाचतो.’

तिला अकरा मिनिटं लागली.

शुक्रवारी पहिल्या गाडीने तिला आणि तिच्या आईला घेऊन मुंबईला तिच्या कॉलेजात गेलो, प्राचार्यांची सही घेतली. खिडकीमागचा कारकून फॉर्म उलटून पालटून पाहत म्हणाला, ‘इतका उशीर का?’ ताराने माझ्याकडे पाहिलं. मग तिने खिडकीकडे तोंड केलं. ‘उशीर झाला. आता आलेय.’ ना रडली, ना कोणी आजारी पडल्याचं सांगितलं. त्याने शिक्का मारला.

संध्याकाळी परत आलो तर जोमाकाका मिठागरात. चौदाव्या दिवशी. हंगाम तोंडावर आलेला, तळ अजून तयार नव्हता आणि उधाणाचं पाणी कोणासाठी थांबत नाही. एकटेच तुडवत होते. मी चपला काढून उतरलो. बराच वेळ आम्ही दोघं नुसते पाय आपटत होतो. मग ते म्हणाले, ‘पोरीला शिकवाया कोन तरी लागल. आनखी बी दोगंतिगं हायेत, हिराजीकं येयाची. आयतवारी येशील का?’

माझ्या तोंडात ‘बघतो’ आलं होतं. खरंच आलं होतं, जिभेवर. इतक्या वर्षांची सवय आहे ती.

‘येतो,’ मी म्हणालो.

वाद तू जिंकलास, हिऱ्या. तुझ्या हयातीत हे मान्य करायला हवं होतं. तुला काय आनंद झाला असता! सात रविवार मी तुला दिले नाहीत, ते आता कुठून आणू? याचं दुःख जन्मभर राहील, आणि राहू दे. पण त्याला मी शिव्या देत बसणार नाही. मी स्वतःला माफ केलंय, असं लिहिताना पेन अडतं. पूर्ण जमलेलं नाही. मी आधी पाणी काढायला घेतलंय.

हे मी दुकानात बसून लिहीत नाही. पेपर आज दुकानातल्या पोऱ्याकडे सोपवलेत. तुझ्या पडवीत, तुझ्या टेबलाशी बसलोय, घड्याळ पुढ्यात आहे. तारा येताना दिसते आहे, बरोबर आणखी दोघं आहेत. तिने केस विंचरलेत. आज रविवार आहे, हिऱ्या, आणि मी आलोय.